पोपटाच्या पिलास अभय

वलगाव हे आमचे गाव अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेढी नदीच्या काठी वसलेले आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी श्रीगाडगेमहाराजांनी या नदीच्या पुलाजवळ देह ठेविला, आणि तेव्हापासून या लहानशा गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाले. महाराजांच्या दशसूत्रीत पशुपक्ष्यांस व मुक्या प्राण्यांस अभय द्यावे असे एक सूत्र आहे. शाळेत असताना ही दहा सूत्रे आम्ही कितीएक वर्षे मुलांकडून पाठ करवून घेतली. परंतु 'अभय' या शब्दाचा खरा अर्थ आम्हांस उमगला तो शाळेतून निवृत्त झाल्यावर. आणि तो शिकविणारा गुरू वजनाने अवघा नव्वद ग्रॅम होता. त्या गुरूच्या आगमनाची हकीकत, घरी पोपट आणू इच्छिणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल या हेतूने, येथे सांगण्याचे योजिले आहे.

आरंभी आमच्या हातून घडलेल्या एका अपराधाची कबुली दिली पाहिजे. सन १९७० च्या सुमारास, आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना, आमच्या तीर्थरूपांनी बाजारातून राघूचे एक पिल्लू आणिले. त्याचे पंख अजून पुरते भरले नव्हते. त्या काळी घरोघरी ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे. आम्हां भावंडांनी त्या पिलाचे जे कौतुक मांडिले त्यास सीमा नव्हती. सकाळ झाली की पिंजऱ्याभोवती सहा डोकी जमत. कोणी काडीने डिवचून त्यास बोलावयास लावीत आहे, कोणी 'विठू विठू' म्हणून ओरडत आहे, कोणी दुधात कुस्करलेली पोळी त्याच्या चोचीत कोंबीत आहे, असा प्रकार दिवसभर चाले. आल्यागेल्यास दाखविण्यासाठी पिंजरा दहा वेळा खाली उतरविला जाई. आठव्या रात्री एका मांजराने पिंजऱ्यावर उडी घातली. त्याचा पंजा आत पोचला नव्हता, पिलाच्या अंगावर ओरखडाही नव्हता; तरी सकाळी ते पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेले आढळले. आजी म्हणाली, दृष्ट लागली. आम्ही त्यास तुळशीवृंदावनामागे पुरले. आज विचार करिता वाटते, आजीचे म्हणणे खरे होते. दृष्ट लागली होती ती आमचीच. आठ दिवस सतत रोखून पाहणाऱ्या सहा जोडी डोळ्यांची. मांजराने केवळ शेवटचा घाव घातला.

हे अलंकारिक भाषण आहे असे वाचकांनी समजू नये. पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात, कारण निसर्गात तो दुसऱ्याचे भक्ष्य होणारा प्राणी आहे, आणि भक्ष्यास चोहोंकडे पाहता यावे लागते. उलट मांजर, घुबड व मनुष्य यांचे दोन्ही डोळे समोर असतात. जो दोन्ही डोळे रोखून, वरून वाकून, सरळ अंगावर येतो तो शत्रू, ही समजूत त्या पाखराच्या रक्तातच आहे. शिवाय पोपट हा थव्याने राहणारा जीव होय. थव्यापासून तुटलेले एकटे पिल्लू रानात फार काळ जगत नाही. असे पिल्लू एका दिवसात आईबापांपासून व भावंडांपासून काढून परक्या घरी आणिले, आणि सहा मोठे प्राणी त्याच्याकडे रोखून पाहू लागले, तर त्याच्या मनाची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. आपण त्यास कौतुक म्हणतो. त्याच्या दृष्टीने तो वेढा असतो.

आता अलीकडची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी माघ महिन्यात आमच्या अकरा वर्षांच्या नातीने पोपटासाठी हट्ट धरिला. योगायोग असा की, त्याच आठवड्यात एक मनुष्य पिशवीत राघूची तीन पिल्ले घेऊन दारावर आला. पौषापासून वैशाखापर्यंत हे पक्षी झाडांच्या ढोलीत अंडी घालतात, आणि याच दिवसांत ढोल्या लुटल्या जातात. पिल्ले एकमेकांस चिकटून थरथरत होती. नात म्हणाली, "आजोबा, आपण घेतली नाहीत तर ती मरतील. घ्या ना!" युक्तिवाद बिनतोड होता, आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी होते. तरीही आम्ही नकार दिला.

नकाराची कारणे दोन. पहिले कायद्याचे. आमच्या बालपणी जे चालत होते ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चालत नाही. १९९०-९१ पासून भारतीय रानपक्ष्यांचा व्यापार सर्वस्वी बंद आहे. गळ्यास कंठ असलेला नेहमीचा राघू असो, त्याहून मोठा पहाडी पोपट असो, की जांभळट डोक्याची तुई असो, या पक्ष्यांना पकडणे, विकणे अथवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. 'आम्ही तर लेकरासारखा सांभाळतो' हे उत्तर त्यापुढे टिकत नाही. दुसरे कारण हिशोबाचे. दयेपोटी जो एक पिल्लू विकत घेतो तो विकणाऱ्यास पुढच्या वर्षी आणखी दोन ढोल्या लुटण्याचे भांडवल पुरवितो. आमच्या चिरंजीवांनी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करण्यास आरंभ करताच तो मनुष्य पिशवी उचलून चालता झाला. त्या पिलांचे पुढे काय झाले ते आम्हांस समजले नाही. नात त्या रात्री आमच्याशी बोलली नाही, आणि आम्हांसही झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बाणभट्टाच्या कादंबरीतील पोपटाची कथा सांगितली. सातव्या शतकात, श्रीहर्षाच्या आश्रयास असलेल्या या कवीने आपल्या कथेचा बराच भाग वैशंपायन नावाच्या पोपटाच्या मुखातून वदविला आहे. पंपा सरोवराच्या काठी एका प्रचंड सावरीच्या झाडावर पोपटांची वस्ती असते. एक म्हातारा शबर झाडावर चढतो आणि ढोलीतून पिल्ले काढून, त्यांच्या माना मुरगाळून खाली फेकतो. वैशंपायनाचा वृद्ध पिता त्यास पंखाखाली झाकून घेतो व स्वतः मारला जातो. पिल्लू वाळलेल्या पानांच्या ढिगावर पडून वाचते. पुढे जाबाली ऋषींचा पुत्र हारीत स्नानास जाताना त्यास पाहतो, पाण्याचे काही थेंब पाजतो, सावलीत ठेवितो, आणि स्वतःचे स्नान उरकून मगच त्यास आश्रमात नेतो. तेथेही त्यास झाडाच्या सावलीत बसवून मग मुनींच्या चौकशीस उत्तर देतो. ही कथा आम्ही आयुष्यात अनेक वेळा वाचिली होती. परंतु भेदरलेल्या पिलास प्रथम काय द्यावे हे बाणाने तेराशे वर्षांपूर्वी नेमके सांगून ठेविले आहे, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. प्रथम पाणी, मग सावली, मग निवांतपणा. चौकशी व कौतुक सर्वांच्या शेवटी.

नातीने कथा ऐकून एकच प्रश्न विचारला, "मग पोपट कधीच पाळू नये का?" यावर आमचे उत्तर असे की, रानचा पाळू नये. परंतु पुष्कळ पिढ्या माणसांच्याच घरी जन्मलेले काही विदेशी पक्षी आहेत. त्यांना सोडून दिले तर ते आपल्या रानात जगणार नाहीत. लहान रंगीत बजरीगर हा त्यांपैकी एक; १८४० साली जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने तो ऑस्ट्रेलियातून इंग्लंडात नेला. दुसरा कॉकटील. हाही ऑस्ट्रेलियाचाच, राखी अंग, डोक्यावर पिवळा तुरा, गालांवर नारिंगी टिकल्या. काकाकुव्याच्या कुळातील हा सर्वांत धाकटा होय. हे दोन्ही पक्षी कायद्याने पाळता येतात. इतर अनेक विदेशी जाती मात्र आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. तेव्हा पक्षी घेण्यापूर्वी त्याची जात, त्याचा जन्म कोठे झाला व त्याची नोंद लागते काय, हे तीन प्रश्न विचारावेतच. पिंजरा हा पिंजराच, हे आम्ही नाकारीत नाही. पण जो जीव पिंजऱ्याबाहेरचे जग जाणतच नाही त्यास चांगले घर देणे, आणि ज्याचे घर रानात आहे त्यास तेथून ओढून आणणे, या दोहोंत महदंतर आहे.

अमरावतीच्या एका परिचित कुटुंबात कॉकटीलची पिल्ले झाली होती. आम्ही तेथे तीन वेळा गेलो, परंतु पिल्लू आणिले ते दहा आठवड्यांचे झाल्यावरच. हे पक्षी साधारण आठ ते दहा आठवड्यांत स्वतः दाणे टिपू लागतात. त्याआधीचे पिल्लू हाताने भरवावे लागते. नवख्या माणसाच्या हातून पातळ अन्न श्वासनलिकेत जाऊन ते हकनाक मरते. 'लहान आणिले म्हणजे लळा लवकर लागतो' या विक्रेत्यांच्या बोलण्यावर भुलू नये.

पिल्लू आणण्यापूर्वी आठ दिवस पिंजऱ्याची सिद्धता केली. आमच्या माळ्यावर तो १९७० चा पिंजरा अजून होता, आणि तोच घासूनपुसून घ्यावा असे सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. आम्ही मोडता घातला. तो गोल होता, अरुंद होता, आणि त्यावरचा रंग उडालेला होता. पोपट सळया चोचीने कुरतडतो, आणि जुन्या रंगातील शिसे व गंजत्या मुलाम्यातील जस्त ही दोन्ही त्यास विष आहेत. नवा पिंजरा चौकोनी, रुंदीने दोन-अडीच फूट, म्हणजे आत पंख पसरून फिरता येईल असा घेतला. दोन सळयांमधून डोके अडकू नये इतके अंतर पाहिले. बसावयास एकसारख्या गुळगुळीत दांड्या न लावता पेरूच्या व निंबाच्या लहानमोठ्या जाडीच्या फांद्या धुऊन बसविल्या; जाडी निरनिराळी असली म्हणजे पायांस व्यायाम होतो. कण्हेर मात्र चुकूनही वापरू नये.

मग जागा. ओसरी मांजरामुळे बाद. स्वयंपाकघर व देवघर ही दोन्ही त्यांहून अधिक बाद; याचे आश्चर्य वाटेल म्हणून थोडा खुलासा करितो. पक्ष्याच्या फुप्फुसांस हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, आणि ताजी हवा त्यातून एकाच दिशेने सतत वाहते. त्यामुळे हवेतील विषही त्यास आपल्याहून लवकर भिनते. विलायतेतील कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत, ते याच कारणाने. अन्न न चिकटणारा काळा लेप दिलेला तवा रिकामा तापून करपला, तर त्यातून निघणाऱ्या वाफेने शेजारच्या खोलीतील पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो. फोडणीचा खाट, धूप, कापूर, उदबत्ती, डासांची वडी, फिनेल, अत्तराचे फवारे ही सारी त्याच मालिकेतील. आमच्या घरी सकाळसंध्याकाळ पूजा होते. ती बंद करण्याचे कारण नव्हते. पिंजरा पलीकडच्या खोलीत, पाठीमागे भिंत असलेल्या कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेविला आणि मधले दार लावण्याची शिस्त घालून घेतली. पाठीशी भिंत असली म्हणजे पाखरास एका दिशेची तरी काळजी उरत नाही.

पिलास सकाळीच आणिले. संध्याकाळी आणिले तर दाणापाणी कोठे आहे ते कळण्यापूर्वीच अंधार पडतो. झाकलेली पेटी पिंजऱ्याच्या दाराशी लाविली आणि दूर झालो. पाऊण तासाने ते स्वतःच्या पायांनी आत गेले. दाणे ते पूर्वीच्या घरी खात असे तेच, बाजरी, राळे व भगर, त्याच प्रकारच्या वाटीत ठेविले. मग घरात तीन दिवस एक नियम केला: दाणापाणी बदलणाऱ्याशिवाय पिंजऱ्याजवळ कोणी जावयाचे नाही. शेजारच्या मुलांस दारातूनच परत पाठविताना नातीस फार जड गेले, पण तिने ते केले. पहिल्या दिवशी पिलाने दुपारपर्यंत दाण्यास चोच लाविली नाही. विष्ठा पातळ झाली होती. ही दोन्ही भयाची लक्षणे असून बहुधा दिवसाच्या आत नाहीशी होतात. सायंकाळी आम्ही दाराआडून दाणे फोडल्याचा बारीक आवाज ऐकला, आणि मॅट्रिकचा निकाल लागावा तसा आनंद घरात झाला.

चौथ्या रात्री वीज गेली. पिंजऱ्यावर पाल सरपटली असावी; अंधारात एकाएकी पंखांचा भयंकर फडफडाट सुरू झाला. कॉकटील पक्ष्यांस असे रात्रीचे घाबरणे विशेष होते. ते दिसत नसलेल्या अंधारात उडू पाहतात व सळयांवर आपटतात. पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वीची ती सकाळ आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. नात धावत आली आणि पिंजऱ्यात हात घालून त्यास धरावयास निघाली. आम्ही तिचा हात धरिला. अंधारात वरून येणारा हात आणि मांजराचा पंजा यांत त्या जिवास भेद कसा कळणार? आम्ही विजेरी लाविली, ती भिंतीकडे वळविली, जमिनीवर बसलो आणि नेहमीच्या संथ स्वरात रघुवंश म्हणू लागलो. दुसरे काही सुचले नाही हेच खरे. दहा-बारा श्लोक होईतो फडफडाट थांबला. पंखाचे एक पीस खाली पडले होते, रक्त नव्हते. पिल्लू फांदीवर चढून बसले, तुरा ताठ उभा, छाती धडधडत असलेली. आम्ही दोघे अर्धा तास तसेच बसून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत रात्री मंद दिवा ठेविला, पिंजऱ्याच्या तीन बाजू पातळ कापडाने झाकू लागलो, आणि दहा-अकरा तास पुरी झोप मिळेल अशी वेळ बांधून दिली.

त्या रात्रीने एक वाट दाखविली. पुढे रोज सकाळी व सायंकाळी आम्ही पिंजऱ्यापासून पाच-सहा हातांवर, तोंड दुसरीकडे करून, बसून मोठ्याने वाचीत असू. पाहावयाचे नाही, बोलवावयाचे नाही. आपण केवळ तेथे आहोत आणि आपल्यापासून काही अपाय होत नाही, एवढेच त्यास कळू द्यावयाचे. दर दिवशी आसन वीतभर पुढे सरके. तुऱ्याकडे मात्र तिरप्या नजरेने लक्ष ठेवावे. तुरा ताठ उभा म्हणजे सावधपणा अथवा धास्ती. डोक्यास अगदी चिकटलेला व तोंडाने फुत्कार म्हणजे 'दूर व्हा'. सैलसर, अर्धवट मागे झुकलेला म्हणजे स्वस्थता. दुसऱ्या आठवड्यात नातीने सळयांतून बाजरीचे कणीस पुढे केले. तीन दिवस ते तसेच राहिले. चौथ्या दिवशी त्याने एक दाणा टिपला. मग कणीस दारातून आत, मग कणीस तळहातावर, आणि अखेर पोटाखाली पायांच्या वर अलगद लाविलेले बोट. सव्विसाव्या दिवशी ते बोटावर चढले. आमच्या मते या शिक्षणाचा एकच नियम आहे: पाखराने मागे पाऊल टाकिले की आपण दोन पावले मागे व्हावे. जो आपले 'नको' ऐकतो त्याच्याकडेच ते पुढे आपण होऊन येते. शाळेतील भित्र्या मुलांच्या बाबतीतही हा नियम लागू होता. तो आम्हांस तेव्हा कळला असता तर बरे झाले असते.

आहाराविषयी आपल्या घरांत काही समजुती रूढ आहेत. मृच्छकटिकात वसंतसेनेच्या वाड्यातील पढणाऱ्या शुकास दहीभाताने तृप्त झालेल्या ब्राह्मणाची उपमा दिली आहे. विनोद म्हणून ती उत्तम. परंतु पोपटास दूध व दूधपोळी देऊ नये, कारण दुधातील साखर पचविण्याची सोय पक्ष्याच्या पोटात नाही. मिरची मात्र त्यास खरोखर चालते. तिच्यातील जे द्रव्य आपणांस झोंबते ते पक्ष्यांस जवळजवळ जाणवतच नाही. बाणाच्या पोपटास हा लाभ नव्हता, कारण मिरची आपल्या देशात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. केवळ दाण्यांवर ठेविलेला पोपट पुढे यकृताच्या विकाराने व 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने आजारी पडतो. सूर्यफुलाच्या बिया तर मिठाईसारख्याच मोजून द्याव्या. पहिला आठवडा जुनाच आहार ठेवून मग थोडेथोडे गाजर, लाल भोपळा, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, मक्याचे कोवळे कणीस, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचे कणीस अशी सवय लावावी. वरूड-मोर्शीच्या संत्र्याची एखादी फोडही चालेल. आमच्या भागात कापसावर व संत्र्यावर फवारे मारतात. तेव्हा भाजीफळ नीट धुऊनच द्यावे. चहा, चॉकलेट, कांदा, लसूण, खारट पदार्थ, सफरचंदाच्या बिया आणि हल्ली बाजारात दिसणारे ॲव्होकाडो हे फळ, ही सारी वर्ज्य समजावी.

आमच्या वऱ्हाडचा उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो. पक्षी पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी टाकून धापा टाकू लागला की त्यास उष्मा सोसत नाही असे जाणावे. खोलीस वाळ्याचे पडदे लावावे, पाणी दोनतीनदा बदलावे, अंगावर हलके पाणी शिंपडावे. मात्र कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये. पाखरू खोलीत मोकळे सोडताना आधी छताचा पंखा बंद, खिडक्यांस जाळी, आरशावर कापड, पाण्याच्या बादलीवर झाकण, हे चार पाठ चुकू नयेत. पंख छाटण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला. आम्ही तो मानला नाही. ज्यास उडून दूर जाता येते तोच निर्भयपणे जवळ येतो.

पोपट आजार लपवितो, कारण रानात दुबळा दिसणारा पक्षी प्रथम मारला जातो. यास्तव दर आठवड्यास त्याचे वजन करून लिहून ठेवावे. एक दशांश वजन घटले, किंवा तो अंग फुगवून तळाशी बसला, श्वासागणिक शेपूट हालू लागली, दिवसभर अन्न घेतले नाही, तर 'उद्या पाहू' म्हणू नये. पक्ष्यांचे ज्ञान असलेला पशुवैद्य कोण, याची चौकशी पाखरू आणण्यापूर्वीच करून ठेवावी. अकोल्यास पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे व नागपुरास १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेथेही विचारता येईल. घरात आधीचे पक्षी असतील तर नवा महिनाभर निराळ्या खोलीत ठेवावा. पोपटांचा एक ज्वर माणसांसही होतो. म्हणून विष्ठा वाळून धूळ होण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसावी व हात धुवावे. दम्याचा रुग्ण घरी असल्यास कॉकटील आणूच नये; त्याच्या पिसांतून बारीक भुकटी सतत झडते.

बोलण्याविषयी वाचक विचारतील. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत पोपट-मैनांस बोलावयास शिकविण्याची कलाही गणली आहे, आणि आम्ही जन्मभर पोरांच्या पोपटपंचीवर कोरडे ओढले. आता वाटते, पोपटावर तो अन्याय होता. थव्यातील सोबत्यांचे आवाज उचलून तो 'मी तुमच्यातला आहे' असे सांगत असतो. आपला शब्द त्याने उचलणे म्हणजे आपल्या घरास त्याने थवा मानणे होय. आमचे पाखरू श्लोक म्हणत नाही. नातीने त्याचे नाव वैशंपायन ठेविले, हाक मारताना 'वैशू' म्हणते, आणि तो तिची शाळेतून आल्यावरची शीळ तेवढी हुबेहूब वाजवितो. तेवढे पुरे आहे.

एक गोष्ट उरली, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. हा पक्षी नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. आम्ही साठी केव्हाच ओलांडली आहे. नात सहा-सात वर्षांत शिक्षणासाठी परगावी जाईल. पाखरू आणण्याच्या आदल्या दिवशी आम्ही चिरंजीव व सूनबाई यांस समोर बसवून विचारले, "आमच्यामागे याचे कोण करील?" दोघेही काही वेळ गप्प राहिले. मग सूनबाई म्हणाल्या, "बाबा, मी करीन." त्यानंतरच आम्ही अमरावतीस गेलो. ज्या घरात या प्रश्नास उत्तर देणारा मनुष्य नाही त्या घराने पोपट आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्या आठवड्याचे अभय पुष्कळजण देतील. वीस वर्षांचे देणारा हवा.

हल्ली सायंकाळी आम्ही वाचीत बसलो म्हणजे वैशंपायन खुर्चीच्या पाठीवर एक पाय पोटाशी घेऊन बसतो आणि चोच चोचीवर घाशीत राहतो; झोपेपूर्वीच्या समाधानाचा हा आवाज. परवा खिडकीच्या जाळीपलीकडून एक मांजर गेले. त्याचा तुरा ताठ झाला. त्याने मांजराकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. आम्ही वाचन थांबविले नाही. थोड्या वेळाने तुरा खाली आला, आणि तो पुन्हा चोच घाशीत बसला.